रंगूबाईच्या भिंतीवरचे दिवस

मला वाशीमच्या कॉलेजात सगळे खडखड्या म्हणत. शिपाई हरिसिंगने हे नाव पहिल्याच दिवशी ठेवले आणि ते इतके पक्के बसले, की कारखान्याने माझ्या अंगावर कोरलेले खरे नाव वाचायच्या फंदात पुढे कोणी पडले नाही. मित्रांनो, तुम्ही माझ्यासारखे काही पाहिले नसेल. मी हाताने फिरवायचे हिशेबाचे यंत्र आहे. समोर आकड्यांच्या छोट्या छोट्या दांड्या, उजव्या कुशीला एक मूठ. आकडा लावून मूठ पुढे फिरवली की बेरीज होते, मागे फिरवली की वजाबाकी. मला वीज लागत नाही. वर्षातून दोन थेंब तेल मिळाले तरी माझे भागते.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडे, एका बर्फाळ गावच्या कारखान्यात झाला. १९७१ साली कॉलेजच्या वाणिज्य विभागाला संशोधनासाठी अनुदान मिळाले, कमी पडलेली रक्कम गावातल्या उत्तमचंद शेठजींनी घातली, आणि मी जहाजातून मुंबईला, रेल्वेने वाशीमला आणि हमालाच्या डोक्यावरून कॉलेजात आलो. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, तालुक्याचे गाव होते. माझे वजन साडेसहा किलो. हमालाने वाटेत मला ज्या शिव्या घातल्या, त्या मला तेव्हा समजल्या नाहीत हे बरेच झाले.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. शेठजी आपले म्हातारे मुनीम रामधनजी यांना घेऊन मला पाहायला आले. चाळीस आकड्यांची बेरीज दोघांना एकदमच दिली. मी तिसाव्या आकड्यावर खडखडत होतो, तेवढ्यात रामधनजींनी डोळे मिटूनच उत्तर सांगून टाकले. शेठजी पोट धरून हसले. म्हणाले, "अहो, एवढ्यात तर मी दुसरे रामधनजी ठेवले असते!" सगळा विभाग हसला. मी परदेशी, तोऱ्यातला, मला ते फार लागले. एकच माणूस हसला नाही. त्याने खिशातला रुमाल काढून माझ्यावरची प्रवासाची धूळ पुसली आणि म्हणाला, "याला थोडा वेळ द्या. नवीन गाव आहे." ते प्राध्यापक इंद्रभान अवचार. तेव्हापासून मी त्यांचा झालो.

अवचार सर बी.कॉम. आणि एम.कॉम.ला हिशेबशास्त्र शिकवत. अंगाने काटकुळे, कोट एकच, तोही कोपरावर ठिगळ लावलेला. शिकवायला उभे राहिले की मात्र मागच्या बाकावरची कुजबुज आपोआप थांबे. एक हात पुढे करून म्हणत, "हा देणारा." दुसरा हात पुढे करून म्हणत, "हा घेणारा. जगात एकट्याने काही घडत नाही. कोणी दिल्याशिवाय कोणाला मिळत नाही. म्हणून प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायचा." मुले ते वहीत उतरवून घेत. मी टेबलावर बसून ऐकत असे आणि मला वाटे, एवढे सोपे कोणी सांगत नसेल.

सर पाच वर्षांचे असताना त्यांचे आईवडील पटकीच्या साथीत गेले. थोरली बहीण रंगूबाई तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची, नुकतीच लग्न होऊन किन्हीराजाला गेलेली. तिने भावाला कडेवर घेतले आणि सरळ सासरी नेले. पुढे तिचा नवरा वारला, मूलबाळ नव्हते, चार एकर वावर आणि हा भाऊ एवढाच तिचा संसार. तिने दुसऱ्यांच्या शेतात निंदण केले, कापूस वेचला आणि भावाला वाशीमला शिकवले. सर हे वर्गात उघड सांगत. तिचे नाव काढले की त्यांचा आवाज बदलत असे.

१९७३ च्या भाऊबीजेला सर तिच्याकडे गेले आणि परत आले ते वेगळेच होऊन. त्या वेळी ते पीएच.डी.साठी जिनिंग कारखान्यांच्या भांडवलावर काहीतरी लिहीत होते आणि त्यात त्यांचा जीव रमत नव्हता. आल्या आल्या ते कागद त्यांनी बाजूला सारले आणि हरिसिंगला समोर बसवून सगळी हकिकत सांगितली. हरिसिंगला त्यातले किती कळले कोण जाणे, मला मात्र सगळे कळले.

झाले असे होते. आपल्याकडे शेतात सावड चालते. आज मी तुझ्या वावरात एक दिवस निंदते, उद्या तू माझ्या वावरात एक दिवस निंद. पैशाचा संबंध नाही, दिवसाला दिवस. रंगूबाईला अक्षरओळख नव्हती. ती घरातल्या भिंतीवर, कोनाड्याच्या दोन्ही अंगांना गेरूने रेघा ओढून हा हिशेब ठेवत असे. डावीकडे आपण दुसरीच्या शेतात केलेले दिवस, उजवीकडे दुसरीने आपल्या शेतात केलेले. प्रत्येक घराची खूण वेगळी. शेजारच्या धुरपताबाईकडे कोंबड्या, म्हणून तिची खूण कोंबडीचा पाय. केशरबाईचे केस गुडघ्यापर्यंत, म्हणून तिची फणी. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की त्या रेघांवर एक आडवी रेघ. दिवाळीला सगळे घर सारवताना रंगूबाई तेवढी भिंत सोडून देई. अशी आठ वर्षे तिने ती सोडली होती.

सरांनी विचारले, "अक्का, एवढीच भिंत काहून सोडली?"

"थो माया हिशेब हाय बापू. पुसला त कोनाचं किती, कसं समजन?"

ओवाळणीचे ताट घेऊन ती उभी आणि हे भिंतीकडे तोंड करून रेघा मोजत बसलेले. आपण वर्षभर घसा कोरडा करून जी दुहेरी नोंद शिकवतो, ती ही बाई आपल्या डोक्याने शोधून आठ वर्षे ठेवत आली आहे, हे त्यांच्या लक्षात आले होते. निरांजन विझून गेले तरी त्यांना भान नव्हते, असे त्यांनीच हसत सांगितले.

मग विषय बदलला. विद्यापीठातले मार्गदर्शक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते आधी तयार नव्हते. अडाणी बायकांचा कसला आलाय हिशेब, असे त्यांचे म्हणणे. सरांनी चार पत्रे लिहिली, दोनदा स्वतः जाऊन आले, तेव्हा कुठे होकार मिळाला. आणि माझे खरे आयुष्य सुरू झाले.

दर रविवारी सकाळी हरिसिंग मला गोणपाटात गुंडाळून एस.टी.त बसे. कंडक्टर माझे वेगळे लगेज फाडायचा आणि हरिसिंग त्याच्याशी मालेगावपर्यंत भांडायचा. किन्हीराजात आणि तिकडे मंगरूळपीरजवळच्या आसेगावात आम्ही तीन वर्षांत चौसष्ट घरे पालथी घातली. सर भिंतीवरच्या खुणा वहीत उतरवून घेत, मी बेरीज करी आणि उत्तर त्या घरच्या बाईला वाचून दाखवले जाई. बहुतेक घरांत दिवाळीला देणेघेणे मिटवून भिंत पुसून टाकत, त्यामुळे तिथे एकाच वर्षाच्या रेघा मिळत. अकरा वर्षांची सलग भिंत एकच होती. ती रंगूबाईची.

तिच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो दिवस मला चांगला आठवतो. तिने मला पाटावर बसवले आणि कुंकू लावले. सरांनी केशरबाईच्या फणीसमोरच्या रेघा मोजल्या, मी खडखडलो आणि आकडा आला सतरा.

"सतरा नाही," रंगूबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "साडेपंधरा."

"अक्का, यंत्र चुकत नाही."

"यंतर नसन चुकत, तू चुकला. थ्या तीन रेघा आखूड हायेत, पाह्य. पान्यानं काम मोडलं होतं, अर्धे दिस हायेत थे."

सरांनी वाकून पाहिले. तीन रेघा खरोखरच बोटभर आखूड होत्या. मला पुन्हा शून्यावर आणले, चौदा पूर्ण आणि तीन अर्धे लावले, आणि साडेपंधरा आले. सर एवढ्या मोठ्याने हसले की परसातल्या कोंबड्या उडाल्या. मुनीम रामधनजींपुढे हरलो तेव्हा मला राग आला होता. रंगूबाईपुढे हरलो याचे मला मुळीच वाईट वाटले नाही. त्या दिवशी तिने हरिसिंगला दुधात भाकरी कुस्करून दिली आणि माझ्यापुढेही गुळाचा खडा ठेवला.

१९७६ च्या दिवाळीनंतर, वेचणी आटोपल्यावर, सरांनी भिंतीवरची शेवटची रेघ उतरवून घेतली. त्यांनी वही मिटली आणि आनंदाच्या भरात बोलून गेले, "अक्का, आता तुझी भिंत माझ्या वहीत आली. पडली तरी फिकीर नाही!"

"पडन कायले? मी हाय ना," ती म्हणाली.

मित्रांनो, 'फिकीर नाही' हे वाक्य सरांनी बोलायला नको होते.

परतताना हरिसिंगने सुचवले, की वाशीमहून फोटोवाला आणून भिंतीचा फोटो काढून घ्यावा. सर म्हणाले, "मोठे सर जानेवारीत भिंत पाहायला येणारच आहेत. त्यांच्याच जीपमधून फोटोवाल्यालाही नेऊ. दोन खर्च कशाला?" हिशेबाच्या प्राध्यापकाला शोभणारे बोलणे होते ते. मलाही पटले. एवढी महाग बचत मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

जानेवारीत मोठे सर आले. जीपमध्ये पुढे ते, मागे अवचार सर, फोटोवाला, हरिसिंग आणि हरिसिंगच्या मांडीवर मी. मोठे सर वाटेत सांगत होते, की ही भिंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली की मी प्रबंधाला पाठिंबा देतो, बाकीच्या परीक्षकांचे मी पाहून घेईन. अवचार सरांचे पाय जीपमध्ये ठरत नव्हते. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नवीन सदरा घातला होता.

दाराला आंब्याचे तोरण होते, अंगणात रांगोळी होती. रंगूबाई नवे लुगडे नेसून उभी होती. आम्ही आत गेलो. ओसरी पांढरी, आतली खोली पांढरी. कोनाड्याच्या दोन्ही अंगांची भिंत पांढरीशुभ्र. एक रेघ नव्हती.

फोटोवाल्याने कॅमेरा गळ्यातून काढला आणि पुन्हा गळ्यात घातला.

"अक्का, हे काय केलं?"

रंगूबाई हसतच होती. तिला वाटले, भाऊ खूश झाला. "पोतारली. मी अन् धुरपतानं. चार दिस राबलो. सारे म्हनत होते, इद्यापीठाचा सायब येनार अन् घरात ह्या रेघोट्या? तुयी शोभा नाही गेली पाह्यजे म्हून..."

"आणि तुझा हिशेब? अकरा वर्षांच्या रेघा?"

"थ्या त तुया वहीत हायेत ना बापू. तूच त म्हनलं होतं, भिंत पडली तरी फिकीर नाही म्हून."

सरांचा चेहरा कसातरीच झाला होता. आणि मग, मोठ्या सरांच्या देखत, फोटोवाल्याच्या देखत, दारात जमलेल्या बायकांच्या देखत ते म्हणाले, "अडाणी ते अडाणीच! काही उपयोग नाही."

रंगूबाईचे हसू गेले. ती चुलीपाशी गेली आणि पुरणाच्या पोळ्या वाढू लागली. वाढताना तिने हरिसिंगला हळूच विचारले, "काय बिघडलं, बावा? मले सांग त खरं." हरिसिंग म्हणाला, "काही नाही माय, काही नाही." आणि त्याने मान खाली घातली.

मोठे सर वाईट मनाचे नव्हते. त्यांनी पोळी खाल्ली, रंगूबाईला नमस्कार केला, आणि ओसरीवर येऊन म्हणाले, "अवचार, तुम्ही खोटे बोलता असे मी म्हणत नाही. पण वही तुमच्या हातची आहे. अकरा वर्षांचा पुरावा म्हणून मी परीक्षकांना काय दाखवू? हे प्रकरण काढून टाका आणि बाकीचे द्या." बाकीचे म्हणजे काय, ते मला ठाऊक होते. ती भिंत काढली तर उरत होती पोराटोरांनी मारल्यासारख्या रेघांची त्रेसष्ट पाने. सर "बरं" म्हणाले. जीप निघाली तेव्हा रंगूबाई दारात उभी होती. सरांनी वळून पाहिले नाही. मी पाहिले.

त्यानंतर सर विभागात यायचे, तास घ्यायचे आणि जायचे. मला हात लावत नसत. वर्गात देणारा-घेणारा सांगताना त्यांचा एक हात पुढे व्हायचा आणि दुसरा विसरून जायचा. त्यांना पदवी गेल्याचे दुःख होते, पण खरे दुःख त्याहून मोठे होते आणि ते त्यांना कोणापाशी बोलता येत नव्हते. ज्या बहिणीने त्यांना अडाणी राहू दिले नाही, तिलाच त्यांनी चारचौघांत अडाणी म्हटले होते. तिच्यासमोर कोणते तोंड घेऊन जावे, हे त्यांना समजत नव्हते. म्हणून ते रागावल्याचे सोंग करत होते. मी रोज समोर बसलेला, मला सोंग कळत होते.

फेब्रुवारीत किन्हीराजाच्या एका माणसाकडून निरोप आला, की अक्काने बोलावले आहे. सर म्हणाले, सवड नाही. होळी झाल्यावर धुरपताबाई स्वतः आली. डोक्यावर गाठोडे, अनवाणी, विभागाच्या दारात उभी राहिली. आत मुले होती म्हणून आत येईना. सर बाहेर गेले.

"रंगूनं बलावलं. म्हने एक डाव येऊन जाय, भिंतीपाशी."

"त्या भिंतीत आता काय पाहू मी, धुरपताबाई? परीक्षा चालू आहेत. तिला सांगा, सुट्टीत येतो."

"बापू, येऊन जाय ना. तिनं मले बाकी सांगू नोको म्हनलं, म्हून सांगत नाही. पन येऊन जाय."

"सुट्टीत येतो म्हणालो ना."

धुरपताबाईने गाठोड्यातून शेंगदाण्याचे लाडू काढून दिले आणि ती स्टँडकडे निघून गेली. मला त्या दिवशी फार वाटले, की आपल्याला आकड्यांशिवाय दुसरे काही बोलता यावे. एवढेच म्हटले असते, की सर, जा.

सुट्टी लागली. सर विद्यापीठात गेले, तिथल्या ग्रंथालयात महिनाभर बसले, भिंतीच्या जागी दुसरे काही घालता येते का ते शोधत राहिले. जूनमध्ये परत आले. मृग बरसला, पेरण्या झाल्या. सर म्हणाले, कॉलेज सुरू झाले की पहिल्या रविवारी जाईन. पहिल्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी तार आली. रंगूबाईला तीन दिवस ताप होता आणि ती गेली.

सर पोचले तेव्हा तिला स्मशानात नेलेले होते. ते सरळ तिकडेच गेले. अग्नी दिला आणि माणसांबरोबर घरी आले, तर बायकांनी रीतीप्रमाणे घर धुऊन, सारवून, भिंती पोतारून ठेवलेल्या. ओल्या मातीचा वास येत होता. तेव्हा धुरपताबाईने त्यांना सांगितले. ते शब्द सरांनी हरिसिंगला सांगितले आणि मी ऐकले.

"तिनं सारी भिंत पुन्हा काहाडली होती, बापू. जशीच्या तशी. महिनाभर बसत होती सकाळच्या पारी. कोनाचे किती, आखूड कोनते, लांब कोनते, सारं तिच्या ध्यानात होतं. तुले दाखवाचं होतं म्हून बलावत होती. म्हने, बापूचं नुकसान झालं मायापायी, भरून देतो. आज मी नव्हती घरात, तिच्यासंगं मसनवाटीत होती. बायायनं पोतारून टाकली."

सर सांगत होते आणि हरिसिंग तोंडावर पंचा धरून रडत होता.

पुढे माझे दिवसही फिरले. त्या दशकाच्या शेवटी तळहाताएवढी, बॅटरीवर चालणारी यंत्रे आली. मुलांना माझ्या खडखडीचे हसू येऊ लागले. मी टेबलावरून कपाटावर, कपाटावरून अडगळीत गेलो. माझ्या तीन दांड्या अडकल्या आहेत, मूठ अर्ध्यावर थांबते. त्याचे मला फारसे काही वाटत नाही. प्रबंध सरांनी पुन्हा हातात घेतला नाही, लोक म्हणाले पुराव्याअभावी राहिला. ते मात्र खोटे आहे. पुरावा होता. मी तो माझ्या शेवटच्या कामाच्या दिवशी मोजला, आणि तेवढे सांगायचे राहिले आहे.

आषाढात धुरपताबाईचा निरोप आला: वही आण, यंत्र आण, रंगूच्या वावराचे निंदण करायचे आहे. आम्ही गेलो. रंगूबाईच्या चार एकरांत ज्वारी आणि कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याखाली होती आणि तणाने भरली होती. बांधावर खुरपी घेऊन नऊ घरच्या बाया बसलेल्या. केशरबाई होती, चतुराबाई होती, लिलाबाई तर काठी टेकत आली होती. सरांना काही कळेना.

"रंगूचे दिस आमच्या आंगावर हायेत," धुरपताबाई म्हणाली. "मेली म्हून बुडवाचे काय? लिहून घे."

मग एकेक बाई सांगू लागली. केशरबाई म्हणाली, माझ्याकडे साडेसहा. लिलाबाई म्हणाली, माझ्याकडे चार, मला होत नाही, माझी सून करेल. कोणी पाच सांगितले, कोणी दोन. वही कोणी पाहिली नाही, कोणी कोणाला विचारले नाही. सर आकडा लावत होते आणि मूठ फिरवत होते. नवव्या बाईचे झाले आणि माझ्यावर एकेचाळीस आले. सरांनी वही उघडली. वेचणी संपल्यावर रंगूबाईच्या भिंतीवरून उतरवलेली शेवटची बेरीज, सगळ्या बायांकडून येणे, एकेचाळीस. अर्ध्या दिवसाचाही फरक नव्हता. सरांनी मला पुन्हा शून्यावर आणून पुन्हा बेरीज केली. पुन्हा एकेचाळीस आले. तिसऱ्यांदा त्यांचा हात मुठीवर गेला आणि तिथेच राहिला.

बाया वावरात उतरल्या. मग सरांनी वहीत कोंबडीच्या पायाची खूण शोधली. रंगूबाईकडून धुरपताबाईला तीन दिवस द्यायचे राहिले होते.

अवचार सरांनी कोट काढला, माझ्यावर घातला, हरिसिंगकडून खुरपे घेतले आणि ते धुरपताबाईच्या वावरात गेले. ती नको नको म्हणत होती. त्यांनी ऐकले नाही. पहिल्या दिवशी त्यांच्या हाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले. हिशेबशास्त्राचा प्राध्यापक उकिडवा बसून ओळीओळीने निंदत पुढे सरकत होता आणि बांधावरून जाणारी माणसे थबकून पाहत होती. तिसऱ्या दिवशी दिवस मावळताना शेवटची ओळ झाली. धुरपताबाईने त्यांच्या हातातले खुरपे काढून घेतले.

"फिटलं, बापा. आता रंगूकडं कोनाचं काही नाही राह्यलं."

सर चिखलातच खाली बसले. वर्गात, विद्यापीठात, मोठ्या सरांसमोर जपून जपून शुद्ध बोलणारे आमचे सर लहान मुलासारखे रडत म्हणाले, "मायं राह्यलं, धुरपतामाय. मायंच राह्यलं. मले तिनं दोनदा बलावलं होतं."

मित्रांनो, माझी धूळ पुसा म्हणून मी हे सांगितलेले नाही. मी लोखंडाचा आहे, गंजेन, भंगारात जाईन, त्यात रडण्यासारखे काही नाही. माझे एवढेच मागणे आहे. तुमच्यावर जीव असलेल्या माणसाने 'एक डाव येऊन जाय' असा निरोप धाडला, तर परीक्षा कधी संपते, सुट्टी कधी लागते, याचा हिशेब करत बसू नका. तुम्हाला लाज वाटत असली तरी जा. तुमचे चुकले असेल तर आधी जा. मिळेल त्या गाडीने जा, आणि आजच जा.